वसंतापर्यंत

लाकडी घरं अख्खी उचलून दुसरीकडे हलवणं हा आमचा तीन पिढ्यांचा धंदा. आजोबांनी बैल जुंपून हलवली, वडिलांनी वाफेच्या इंजिनाने, मी ट्रॅक्टरने. काउंटीतली, म्हणजे आमच्या जिल्ह्यातली, निम्मी घरं आज जिथे उभी आहेत तिथे ती बांधलेलीच नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मुलाचं लग्न ठरलं की जुनं घर ओढत त्याच्या वाट्याच्या शेतात न्यायचं आणि आपण नवं बांधायचं. शाळा बंद पडली की तिच्यात कोंबड्या. चर्च अपुरं पडलं की मधोमध कापून जोड द्यायचा. रेल्वे आली तेव्हा तर अख्खं रिंगबी गाव दीड मैल सरकलं, आणि पोस्टमास्तर म्हणे आत बसून पत्रं लावत होता. त्यामुळे कुणी छाती फुगवून "आमचं घर पहिल्यापासून इथेच" असं सांगू लागला की मी खाली बघून बूट झटकतो. बाईचं वजन आणि घराचा पूर्वेतिहास, दोन्ही माहीत असलं तरी बोलायचं नाही, असं वडिलांनी मला धंद्यात घेतानाच बजावलं होतं.

१९७६ च्या उन्हाळ्यात मात्र हे तोंड बंद ठेवणं मला फार महागात पडलं असतं. मला म्हणजे थीराला.

थीरा मिकेल्सन माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, एक्काहत्तरची. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, शेत विकलेलं. उरलं होतं ते घर आणि अंगणातली आलुबुखाराची दोन झाडं. महामार्ग रुंद करायचं ठरलं आणि नकाशावरची लाल रेघ नेमकी तिच्या स्वयंपाकघरातून गेली. एक ऑक्टोबरला बुलडोझर येणार होता. मुलाने ओमाहा शहरात तिच्यासाठी आठव्या मजल्यावर खोली बघून ठेवली होती. "आई, तिथे लिफ्ट आहे," असं तो दर रविवारी फोनवर सांगायचा.

"लिफ्टमध्ये राहू का मी?" थीरा विचारायची. तो हसायचा. ती हसत नव्हती.

एकच आशा होती. देशाच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली म्हणून त्या वर्षी सरकारला सगळ्या जुन्या गोष्टींचं प्रेम उतू जात होतं. जुन्या घरांची यादी करायला राजधानीतून मिस प्रुइट नावाची बाई आमच्या काउंटीत फिरत होती. तिच्या यादीत घर गेलं की बुलडोझरवाल्यांनी हात लावायचा नाही. थीराने तिला बोलावलं, आणि घराच्या पोटातलं कळणारा माणूस म्हणून मलाही.

मिस प्रुइट आल्या, बसल्या. थीराने विचारलं, "कॉफी घेणार?"

"हो, घेईन की!" बाई म्हणाल्या.

थीराचा चेहरा पडला. पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणतं का? पहिल्यांदा "छे छे, नको" म्हणायचं, दुसऱ्यांदा "कशाला उगाच त्रास," आणि तिसऱ्यांदा "बरं, त्रास होणार नसेल तर, थोडीशी." मग चार कप. तेवढ्या वेळात पाणी उकळतं. ही बाई सरळ हो म्हणाल्याने थीराची शेगडीसुद्धा पेटलेली नव्हती. ती लाजेने अर्धमेली होऊन किटली भरायला धावली.

मिस प्रुइटना त्याचं काही नव्हतं. त्यांनी भिंतींवर टकटक केली, कोठीच्या खोलीत एक सुटी फळी उचकटली आणि किंचाळल्या. मला वाटलं साप.

"ओंडके!" त्या म्हणाल्या. "कुऱ्हाडीने तासलेले ओकचे ओंडके! आणि कोपऱ्यातली खाच बघा, एक खिळा नाही! मिसेस मिकेल्सन, वरच्या या पांढऱ्या फळ्या नंतरच्या. तुमचं स्वयंपाकघर म्हणजे १८७०-७१ ची झोपडी आहे. या काउंटीतलं सगळ्यात जुनं घर असणार हे!"

"म्हणूनच उंदीर येतात," थीरा म्हणाली.

"आता एकच प्रश्न. हे पहिल्यापासून इथेच आहे ना? हलवलेलं घर आम्ही यादीत घेत नाही. मूळ जागी असेल तरच."

थीरा स्वच्छ टेबल पुसायला लागली. मी बुटांकडे पाहिलं. तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि होल्गर बुंडगार्ड आत आला.

होल्गर समोरचा शेजारी. अर्ध्या मैलावर शेत. त्र्याहत्तर वर्षांचा, सहा फूट चार इंच, बिनलग्नाचा, आणि बोलायला असा कंजूष की जणू शब्द त्याच्या बियाण्यातून जात होते. तो थीराची केकची थाळी परत करायला आला होता, आणि थाळीत डझनभर अंडी होती. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही हे आमच्याकडे पोरांना चालण्याआधी शिकवतात. त्यामुळे ती एकच थाळी गेली बारा वर्षं दोघांमध्ये ये-जा करत होती. जाताना केक, येताना अंडी, काकड्या, नाहीतर मध. थाळी मुळात कुणाची हे ती उलटून तळाच्या चिकटपट्टीवरचं नाव वाचल्याशिवाय त्या दोघांनाही सांगता आलं नसतं.

"तुम्ही शेजारी ना?" मिस प्रुइटनी त्याला विचारलं. "हे घर नेहमी इथेच होतं का?"

होल्गरने टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. "यंदा पाऊस कमी आहे," तो म्हणाला.

मग खाली जाऊन बघायची वेळ माझ्यावर आली. मी दिवा घेऊन फरशीखालच्या पोकळीत सरपटत शिरलो. पाठीखाली माती, नाकावर कोळी, आणि वर पायाचा मुख्य ओंडका. त्याच्या कडेला साखळीने खाल्लेले खोलगट चर होते. चरांशेजारी छिन्नीच्या तीन तिरप्या खाचा. आमच्या आजोबांची खूण ती, हलवलेल्या प्रत्येक घरावर ते मारायचे. आणि तिथून हातभर पुढे, ओंडक्याच्या पोटावर, मोठ्या अक्षरांत कोरलेलं: पेडर बुंडगार्ड, १८७१.

थाळीच्या तळाशी असतं तसंच. नाव खालून.

मी तिथेच पडून राहिलो. एक शब्द खोटा बोललो असतो तर थीराचं घर वाचलं असतं, आणि खरं सांगतो, मी बोलणार होतो. बाहेर येऊन मी कपडे झटकले.

"काय दिसलं?" बाईंनी विचारलं.

"कोळी," मी म्हणालो.

पण त्या माझ्या बाजूने कधीच आत घुसल्या होत्या. खालून कॅमेऱ्याचा उजेड तीनदा लखलखला आणि मग आवाज आला, "बुंडगार्ड म्हणजे कोण?"

स्वयंपाकघरात होल्गर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता, गेल्या वर्षीचं. शेवटी थीराच बोलली.

"मला ठाऊक आहे. सासूबाईंनी जाताना सांगितलं होतं. अठराशे अठ्ठ्याऐंशी सालच्या वणव्यात मिकेल्सनांचं खोपटं जळालं. हिवाळा तोंडावर. बुंडगार्डांनी नवं घर बांधलं होतं, म्हणून त्यांनी आपलं जुनं आम्हाला वापरायला दिलं. वसंतापर्यंत."

"म्हणजे घर उसनं आणलं?" मिस प्रुइटनी वही खाली ठेवली. "मग वसंत आल्यावर परत का नाही केलं?"

"रिकामं कसं परत करणार? आत माणसं होती ना. आधी नऊ पोरं, मग सासूबाईंचा संधिवात." थीराचे कान लाल झाले. "आणि त्यांनी कधी मागितलंही नाही."

"मागायचं नसतं," होल्गर कॅलेंडरला म्हणाला. "आजीची ताकीद होती. मिकेल्सनांसमोर 'घर' हा शब्दसुद्धा काढायचा नाही, त्यांना टोचेल."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस सगळ्यांना "घरी ये" म्हणतो, आणि थीराला मात्र "आमच्या बाजूला या" असं काहीतरी पुटपुटतो. साठ वर्षं मी त्याला खुळा समजत होतो. अठ्ठ्याऐंशी वसंत येऊन गेले, आणि दोन्ही घराण्यांनी मूग गिळले. आमच्यात भीड भिकेची बहीण नाही, घराची मालकीण आहे.

"वाईट वाटतं," मिस प्रुइट म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाटत होतं. "हलवलेलं घर मला घेता येणार नाही. मूळ पायावर असतं तर गोष्ट वेगळी होती. पण तो पाया आता कुठला?"

"आहे," होल्गर म्हणाला. "चार कोपऱ्यांचे दगड आहेत. ओकच्या झाडांपाशी. आम्ही कडेकडेने नांगरतो."

"इतकी वर्षं? कशासाठी?"

"घर आलं की लागतील ना."

हे त्याने असं सांगितलं की जणू हवामानच सांगतोय. मी उगाच खोकलो.

बाईंचे डोळे चमकले. घर त्याच दगडांवर परत गेलं तर यादीत घेता येईल, त्या म्हणाल्या, फक्त जमिनीच्या मालकाची लेखी संमती हवी. सगळ्यांनी थीराकडे पाहिलं. तिने हात पुसले, एप्रन सोडला, ताठ उभी राहिली.

"होल्गर, तुमचं घर परत घ्या."

"छे छे. असू द्या."

"नाही, खरंच घ्या."

"कशाला उगाच तुम्हाला त्रास."

थीराने तिसऱ्यांदा विचारायला श्वास घेतला. एवढ्यात खट्‌कन पेनाचं टोपण लागलं. "समजलं," मिस प्रुइट म्हणाल्या. "मालकाचा नकार. दोनदा. मी तसं लिहिते." आणि वही मिटून त्या निघाल्यासुद्धा. मी अंगणापर्यंत मागे धावलो, "बाई, अजून तिसरं व्हायचंय!" पण राजधानीत वाढलेल्या माणसाला मोटारीच्या खिडकीतून ही गोष्ट काय समजावणार?

आणि इथे घोडं पेंड खायला लागलं. तिसरं विचारणं पहिल्या दोन्हींच्या पाठोपाठ व्हावं लागतं. मध्ये पाहुणा उठून गेला की सगळं विस्कटलं. पुन्हा पहिल्यापासून विचारणं म्हणजे गळ्यात पडणं. मी होल्गरकडे गेलो.

"तिने दोनदाच विचारलं," तो गोठ्यात उभा राहून म्हणाला. "मनात असतं तर तिसऱ्यांदा विचारलं असतं."

"अरे, त्या बाईने मध्ये पेन वाजवलं!"

"असेल."

"तुला ती ओमाहाला जायला हवी आहे का?"

यावर तो एका गाईचं दूध दुसऱ्यांदा काढायला बसला. गाय माझ्याकडे बघत राहिली. मी थीराकडे गेलो.

"तो नाही म्हणाला ना?" थीरा म्हणाली.

"तो कॉफीलाही नाही म्हणतो आणि चार कप ढोसतो!"

"कॉफी वेगळी, आक्सेल. घर म्हणजे... तो आयुष्यभर त्या दगडांभोवती नांगरत आलाय, आणि आम्ही मजेत राहिलो. आता माझी गरज पडली तेव्हा घ्या म्हणायचं. कुठल्या तोंडाने?"

सप्टेंबरभर मी असा दोघांमध्ये हेलपाटे घालत होतो. बोलून बोलून माझ्या तोंडाला फेस आला, तिकडे पालथ्या घड्यावर पाणी. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गेलो तर थीरा भांड्यांच्या तळाच्या चिकटपट्ट्या बदलत होती. स्वतःचं नाव काढून ज्याला ते भांडं द्यायचं त्याचं नाव. कॉफीची मोठी किटली तिने माझ्यापुढे सरकवली. तळाशी लिहिलं होतं: आक्सेल रोझेन्डाल.

"आठव्या मजल्यावर एकटीला एवढी काय करायची?" ती म्हणाली. मग तिने तोंड फिरवलं.

मला रडू येत नाही. राग येतो. त्या दिवशी असा आला की किटली घेऊन घरी आलो ती थेट ट्रॅक्टरवरच ठेवली.

"चर्चमागे जागा मिळतेय," दुसऱ्या दिवशी मी थीराला ठोकून दिलं. "निदान घर तरी वाचेल. तू तुझ्या आठव्या मजल्यावर जा, मी घर तिकडे नेऊन ठेवतो." धुराडं उतरवलं, घराखाली लोखंडी तुळया सारल्या, जॅक लावले, रोज वीतभर उचललं. तीस तारखेला सकाळी घर चाकांवर होतं. "तू आत बस," मी थीराला म्हणालो. "भांडी फुटायला लागली तर ओरड." त्याआधी मिस प्रुइटना फोन केला होता: शेवटचा दिवस आहे, कागद घेऊन बुंडगार्डच्या फाटकापाशी दहा वाजता या, आणि तोंड उघडायचं नाही.

घर निघालं. पुढे मी ट्रॅक्टरवर, मागे खिडकीत थीरा, मांडीवर केकची थाळी. होल्गरच्या फाटकासमोर आलो आणि ट्रॅक्टर बंद पडला. बंद पडला म्हणजे मी किल्ली फिरवली.

घराने रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत अडवला. मक्याच्या कापणीचे दिवस. पाच मिनिटांत मागे दोन कापणी यंत्रं, दुधाचा टँकर आणि पोलिसाची गाडी. पोलीस खाली उतरला.

"आक्सेल, काय हे? किती वेळ लागेल?"

"ते त्या दोघांवर आहे," मी म्हणालो.

होल्गर फाटकात उभा होता. टोपी हातात. मिस प्रुइट गवतात, कागद छातीशी धरून. थीराने खिडकीतून माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढची दहा वर्षं तिच्याकडचा केक विसरलो. पण डाव तिला कळला होता. तिने थाळी खाली ठेवली.

"होल्गर," ती म्हणाली, "घर घेता का?"

"छे छे. नको."

मी बाजूला एक बोट वर केलं. मिस प्रुइटनी माझं बोट पाहिलं, मग होल्गरकडे, मग पुन्हा बोटाकडे.

"घ्या हो. आता दारातच आलंय."

"कशाला तुम्हाला त्रास."

दोन. मिस प्रुइटचं तोंड उघडलं. "बाई," मी हळूच म्हणालो, "पेन वाजवलंत तर चाकाखाली घालीन." त्यांनी पेनच खिशात टाकलं.

मागच्या यंत्रवाल्याने भोंगा वाजवला तर टँकरवाला त्याच्यावर ओरडला, "गप रे! तिसरं यायचंय!" यंत्रवाल्याने भोंग्यावरचा हात काढला.

"होल्गर," ती म्हणाली, "वसंत कधीचाच येऊन गेला. उशीर झाला त्याची लाज वाटते. घ्या ना."

होल्गरने टोपी बोटांनी पूर्ण एक फेरा फिरवली.

"बरं," तो म्हणाला. "तुम्हाला त्रास होणार नसेल तर. थोडंसं."

"थोडंसं कसं? अख्खंच आहे!"

लोक हसले, भोंगे वाजले. मिस प्रुइटनी कागद पुढे केला, होल्गरने तो ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवून सही केली. मी ट्रॅक्टरकडे वळलो, तर थीरा दारातून शिडी लावून खाली उतरत होती. हातात बॅग. पाय रस्त्याला टेकले तशी तिने आपला कोट नीट केला.

"कुठे निघालात?" होल्गरने विचारलं.

"घर पोचतं केलं. आता ओमाहा. पोरगा चार वाजता येतोय."

होल्गरने घराकडे पाहिलं. रिकाम्या खिडकीकडे पाहिलं. आणि ज्या माणसाने चारचौघांत कधी तोंड उघडल्याचं मला आठवत नाही, तो सगळ्या रस्त्यासमोर म्हणाला, "थीरा, भांडं रिकामं परत करायची पद्धत नाही आपल्यात."

थीराचे कान लाल झाले. "छे छे," ती म्हणाली. "नको."

मागे कुणीतरी जोरात सुस्कारा सोडला. पोलिसाने गाडीचं इंजिन बंद केलं आणि तो टपाला टेकून उभा राहिला. टँकरवाल्याने डबा उघडून सँडविच काढलं. मिस प्रुइटनी, आपणहून, एक बोट वर केलं.

"ओकची सावली चांगली आहे," होल्गर म्हणाला. "आणि अंडी रोजची."

"कशाला तुम्हाला उगाच त्रास."

बाईंचं दुसरं बोट वर गेलं.

होल्गरला तिसऱ्यांदा विचारायची सवय नव्हती. आयुष्यभर त्याने फक्त नाही म्हणण्याची बाजू सांभाळली होती. त्याने टोपी घातली, काढली. मग पुढे येऊन तिच्या हातातली बॅग घेतली.

"ये," तो म्हणाला.

थीराने मागे रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शेवटी ओकच्या झाडांकडे. तिथे चार दगडांभोवती गवत कापून ठेवलेलं होतं. ताजं, आज सकाळचंच.

"बरं," ती म्हणाली. "वसंतापर्यंत."